विश्लेषण : ‘दोन पालकांच्या घरा’साठी सरकारी पैसा… डॅनियल मॉयनिहन यांना काय हवे होते आणि अमेरिकेने काय केले?

गरीब कुटुंबांना रोख मदत देण्याचा अमेरिकेतील सध्याचा कायदा १९९६ चा आहे. या पैशाची चार उद्दिष्टे कायद्यातच लिहून ठेवली आहेत. मुले आपल्या घरी किंवा नातेवाइकांकडे वाढावीत, पालकांनी नोकरी आणि लग्न यांच्या आधारे मदतीवरचे अवलंबित्व संपवावे, विवाहाबाहेरची गर्भधारणा कमी व्हावी, ही पहिली तीन. चौथे उद्दिष्ट असे की, दोन पालकांची कुटुंबे तयार व्हावीत आणि टिकावीत, यासाठी प्रोत्साहन द्यावे. म्हणजे गरिबांसाठी राखलेल्या तिजोरीतून लग्न जुळावे आणि मोडू नये यासाठी खर्च करण्याची उघड परवानगी.

बापाविना वाढणाऱ्या मुलांचा प्रश्न अमेरिकी राजकारणात सर्वांत जोरकसपणे मांडणारा माणूस त्या वेळी सिनेटमध्ये बसलेला होता. त्याने या कायद्याच्या विरोधात मत दिले. त्याचे नाव डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन. असे का घडले, हे समजायला त्यांचे आयुष्य थोडे मागे जाऊन पाहावे लागते.

मॉयनिहन कोण होते?

१६ मार्च १९२७ रोजी ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात त्यांचा जन्म झाला. घराणे आयरिश कॅथलिक. वडील आधी पत्रकार, मग जाहिरातींचा मजकूर लिहिणारे. मुलगा लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला आले. घरची स्थिती बरी होती. पण वडिलांना दारूचे आणि जुगाराचे व्यसन होते. १९३७ मध्ये ते घर सोडून गेले, ते परतले नाहीत. पॅट तेव्हा दहा वर्षांचा होता. महामंदी अजून सरलेली नव्हती. उपनगरातले चांगले घर सुटले आणि आई तीन मुलांना घेऊन मॅनहॅटनमध्ये एका भाड्याच्या खोलीतून दुसरीत फिरू लागली.

मुलाने टाइम्स स्क्वेअरच्या परिसरात बूटपॉलिश केले. पुढे हडसन नदीच्या धक्क्यांवर हमाली केली. आईने नंतर बेचाळिसाव्या रस्त्याजवळ एक दारूचा गुत्ता चालवला. १९४३ मध्ये ईस्ट हार्लेममधील बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलमधून पॅट पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. सिटी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला आपण मागच्या खिशात माल ओढायचा हुक घेऊन गेलो होतो, असे ते पुढे सांगत. शिक्षणाचा मार्ग खुला झाला तो नौदलामुळे. युद्धकाळातील अधिकारी प्रशिक्षण योजनेतून त्यांना विद्यापीठात जाता आले. टफ्ट्स विद्यापीठाची पदवी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील तीन वर्षे यानंतर ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांच्या कार्यालयात रुजू झाले. तिथेच एलिझाबेथ ब्रेनन भेटल्या. १९५५ मध्ये दोघांचे लग्न झाले.

बाप निघून गेला की घराचे काय होते, हे त्यांनी पुस्तकातून शिकलेले नव्हते. त्यांच्या टीकाकारांनी ही गोष्ट फारशी कधी विचारात घेतली नाही. त्यांच्या समर्थकांनी ती गरजेपेक्षा जास्त रंगवली.

मदतीचा नियमच घर मोडत होता का?

वादाचे मूळ १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात आहे. त्यात निराधार मुलांसाठी एक मदत योजना होती. पुढे ती ‘एड टु फॅमिलीज विथ डिपेंडंट चिल्ड्रन’, थोडक्यात एएफडीसी, या नावाने ओळखली गेली. पात्रतेची अट सरळ होती. पालकांपैकी एकाचा मृत्यू झालेला असावा, तो घरात नसावा किंवा काम करण्यास असमर्थ असावा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विधवा होती. धडधाकट बाप घरात असेल तर तो कमावेलच, असे गृहीत धरलेले होते.

पण बाप घरात आहे आणि त्याला काम मिळत नाही, अशा घराचे काय? त्याला मदत नाही. तोच बाप निघून गेला तर मुलांना मदत सुरू. अनेक राज्यांनी तर मदत घेणाऱ्या स्त्रीच्या घरात कोणी पुरुष राहतो का, हे तपासायला रात्री-अपरात्री कर्मचारी धाडले. अलाबामाने तिच्याशी संबंध असलेल्या कोणत्याही पुरुषाला मुलांचा ‘पर्यायी बाप’ ठरवून मदत तोडण्याचा नियम केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द केला. १९६१ मध्ये बेरोजगार बाप असलेल्या दोन पालकांच्या कुटुंबांनाही मदत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण ती मुभाच होती, सक्ती नव्हती. पुढची पंचवीस वर्षे साधारण निम्म्या राज्यांनीच ती वापरली.

१९६५ च्या अहवालात काय होते?

केनेडी आणि नंतर जॉन्सन यांच्या काळात मॉयनिहन कामगार खात्यात धोरण नियोजनाचे सहायक सचिव होते. आकडे वाचण्याची त्यांना हौस होती आणि त्यांतून अर्थ काढण्याची घाईही. लष्करात भरतीयोग्य वयाच्या तरुणांपैकी तिसरा हिस्सा चाचणीत नापास ठरेल, हे १९६४ च्या एका अहवालातून त्यांनीच पुढे आणले होते.

मार्च १९६५ मध्ये त्यांनी ‘द निग्रो फॅमिली : द केस फॉर नॅशनल अ‍ॅक्शन’ हा अहवाल तयार केला. तो सरकारच्या आतल्या वापरासाठी होता, प्रती मोजक्याच काढल्या होत्या. युक्तिवाद असा होता : नागरी हक्कांचे कायदे झाले, पण कायद्याने मिळालेली समानता प्रत्यक्षात उतरायला कुटुंबाचा आधार लागतो. गुलामगिरीने, नंतरच्या वंशभेदाने आणि शहरांतल्या भयंकर बेरोजगारीने कृष्णवर्णीय पुरुषाची कमावता म्हणून जागाच हिरावून घेतली आहे. त्यामुळे कुटुंब मोडते आहे. १९६३ मध्ये कृष्णवर्णीयांतील २३.६ टक्के बालके विवाहाबाहेर जन्मली होती. गोऱ्यांत हे प्रमाण ३.०७ टक्के होते.

त्यातला एक आलेख पुढे ‘मॉयनिहन यांची कात्री’ म्हणून प्रसिद्ध झाला. पुरुषांची बेरोजगारी वाढली की एएफडीसीचे नवे अर्ज वाढत, ती घटली की अर्जही घटत. दोन्ही रेषा वर्षानुवर्षे जोडीने चालत आल्या होत्या. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मात्र बेरोजगारी खाली आली तरी अर्ज वर जाऊ लागले. मॉयनिहन यांनी यातून काढलेला अर्थ असा की, कुटुंबांचे मोडणे आता बेरोजगारीपासून सुटून स्वतःच्या वेगाने चालू झाले आहे.

उपाय काय? अहवालात तो लिहिलेलाच नव्हता. प्रश्नाचे गांभीर्य आधी मान्य व्हावे, उपायांवर भांडण नंतर, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्या मनात पुरुषांना रोजगार देणे होते. टपाल पुन्हा दिवसातून दोनदा वाटावे म्हणजे हजारोंना नोकऱ्या मिळतील, ही त्यांची एक आवडती सूचना होती. कुटुंबाला धरून मदत द्यावी, बापाला वगळून नव्हे, हेही ते मांडत असत. पण जे कागदावर नव्हते ते वाचणाऱ्याला दिसणार कसे? ही चूक त्यांना आयुष्यभर महागात पडली.

वाद एवढा का पेटला?

जून १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी हॉवर्ड विद्यापीठात केलेल्या भाषणाच्या मसुद्यात मॉयनिहन यांचा हात होता. त्याचे स्वागत झाले. मग उन्हाळ्यात अहवाल फुटला. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली आणि वृत्तपत्रांनी दंगलीचे कारण म्हणून या अहवालाकडे बोट दाखवायला सुरुवात केली. बेरोजगारीवरची प्रकरणे मागे पडली आणि कृष्णवर्णीय कुटुंबातच दोष आहे, एवढाच निष्कर्ष लोकांपर्यंत पोहोचला.

नागरी हक्क चळवळीतले अनेक जण संतापले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी यात संधी आणि धोका दोन्ही पाहिले. मानसशास्त्रज्ञ विल्यम रायन यांनी पीडितालाच दोषी धरण्याच्या वृत्तीवर टीका केली आणि १९७१ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. तो शब्दप्रयोग आज जगभर वापरला जातो, पण त्याचा जन्म या वादातला आहे, हे अनेकांना माहीत नसते.

टीकेत तथ्य नव्हते असे नाही. अहवालाने कृष्णवर्णीय कुटुंबाला ‘मातृसत्ताक’ म्हटले आणि तोच दोष मानला. एकटीने घर ओढणाऱ्या बाईचे कर्तृत्व त्याला दिसले नाही, तिला चांगला पगार मिळावा हा विचारही त्यात नव्हता. शब्दही रोगनिदानाचे वापरलेले होते. एकट्या आईने वाढवलेल्या मुलाने हे लिहावे, ही यातली बोचरी बाजू. दुसरीकडे, या गदारोळाचा परिणाम असा झाला की पुढची वीसेक वर्षे उदारमतवादी अभ्यासकांनी हा विषय हाताळणेच टाळले.

निक्सन यांच्यासोबत कोणता प्रयोग?

मॉयनिहन डेमोक्रॅट होते. तरीही १९६९ मध्ये ते रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे सल्लागार झाले. तिथे त्यांनी आपल्या कल्पनेला सर्वांत मोठे रूप दिले. ८ ऑगस्ट १९६९ रोजी निक्सन यांनी ‘फॅमिली असिस्टन्स प्लॅन’ जाहीर केला. चार जणांच्या, काहीही उत्पन्न नसलेल्या कुटुंबाला वर्षाला १,६०० डॉलरची हमी. महत्त्वाचे म्हणजे आई-बाप दोघेही घरात असले आणि बाप कमी पगारावर कामाला जात असला, तरी कुटुंब पात्र. बाप घरात राहिला म्हणून मदत बुडणार नाही, अशी ही रचना होती. लग्नाचा उपदेश त्यात कुठेच नव्हता. जुन्या नियमाने लग्नावर बसवलेला दंड फक्त काढून टाकला होता.

एप्रिल १९७० मध्ये प्रतिनिधीगृहाने ही योजना २४३ विरुद्ध १५५ मतांनी संमत केली. सिनेटच्या वित्त समितीत मात्र ती अडकली. दक्षिणेकडच्या सनातन्यांना ती उधळपट्टी वाटली. स्वस्त मजूर मिळणार नाहीत, ही भीतीही होती. आणि गरिबांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘नॅशनल वेल्फेअर राइट्स ऑर्गनायझेशन’ला १,६०० डॉलर ही थट्टा वाटली, त्यांची मागणी ५,५०० डॉलरची होती. दोन टोकांनी मिळून मधली गोष्ट पाडली. १९७२ पर्यंत योजना संपली होती.

याच काळात वंशाच्या प्रश्नावर काही काळ आवाज कमी ठेवावा, असा सल्ला देणारे त्यांचे एक गोपनीय टिपण फुटले आणि १९६५ ची जखम पुन्हा उघडी पडली.

भारताशी त्यांचा संबंध काय?

वॉशिंग्टनमधून बाहेर पडलेले मॉयनिहन १९७३ मध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून दिल्लीत आले. बांगलादेश युद्धानंतरचे ते कडवट दिवस. पीएल-४८० कराराखाली आलेल्या अमेरिकी गव्हाची किंमत भारताने रुपयांत चुकवली होती आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साचत गेले होते. आपल्याकडच्या जुन्या पिढीला रेशनवरचा तो लाल गहू आठवत असेल. मॉयनिहन यांनी पुढाकार घेऊन या रकमेचा मोठा भाग सोडून देण्याचा करार घडवला. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांनी भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. त्या काळातला हा जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून गिनेस बुकात नोंदला गेला.

एलिझाबेथ यांना इथे मुघल बागांचा नाद लागला. बाबराने धोलपूर येथे बांधलेली, विस्मृतीत गेलेली कमळ बाग त्यांनीच १९७८ मध्ये शोधून काढली. दिल्लीनंतर मॉयनिहन संयुक्त राष्ट्रांत राजदूत झाले आणि १९७६ मध्ये न्यूयॉर्कमधून सिनेटवर निवडून गेले. सलग चार वेळा जिंकून २००१ पर्यंत ते तिथे होते.

स्वतःची चूक त्यांनी का मान्य केली?

कुटुंबाला हमीचे उत्पन्न दिले तर घरातला ताण कमी होईल आणि लग्ने टिकतील, यावर त्यांचा विश्वास होता. सरकारने ही गोष्ट प्रत्यक्ष तपासून पाहिली. सिएटल आणि डेन्व्हर या शहरांत सुमारे ४,८०० कुटुंबांवर प्रयोग झाला. काहींना हमीचे उत्पन्न दिले, काहींना नाही. १९७० च्या दशकाअखेर आलेल्या निष्कर्षांनी सर्वांना धक्का दिला. पैसे मिळालेल्या कुटुंबांत लग्ने मोडण्याचे प्रमाण, न मिळालेल्यांपेक्षा बरेच जास्त होते.

कदाचित हाती पैसा आल्यामुळे नकोशा नवऱ्याला सोडणे बायकांना शक्य झाले असेल. त्यांच्या दृष्टीने ती सुटकाही असेल. पण योजनेचे समर्थन ज्या मुद्द्यावर उभे होते तोच ढासळला. मॉयनिहन तेव्हा सिनेटच्या संबंधित उपसमितीचे अध्यक्ष होते. त्यांनी १९७८ मध्ये यावर सुनावण्या घेतल्या आणि आपले गृहीतक चुकले होते, असे जाहीरपणे सांगितले. आपल्याच योजनेविरुद्धचा पुरावा असा चव्हाट्यावर मांडणारे राजकारणी विरळाच. गंमत अशी की, १९९० मध्ये दोन अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि तिच्यातून लग्ने मोडल्याचा परिणाम सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. तोवर हमीच्या उत्पन्नाची कल्पना अमेरिकी राजकारणातून हद्दपार झालेली होती.

१९८८ आणि १९९६ : दोन कायद्यांत फरक काय?

१९८८ चा ‘फॅमिली सपोर्ट अ‍ॅक्ट’ हे मॉयनिहन यांचे मोठे यश. त्याने तीन दशकांचा एक प्रश्न मिटवला. बेरोजगार पालक असलेल्या दोन पालकांच्या कुटुंबांना मदत देणे सर्व राज्यांना बंधनकारक झाले, जरी वर्षातून सहा महिन्यांपुरती मर्यादा घालण्याची सोय ठेवली होती. घर सोडून गेलेल्या बापाच्या पगारातून मुलांची पोटगी थेट कापली जाऊ लागली. मदत घेणाऱ्या मातांसाठी प्रशिक्षण आणि नोकरीचा कार्यक्रम आला. या कायद्यावर रेगन यांनी सही केली.

पण अंमलबजावणीला पैसा अपुरा पडला. एएफडीसी घेणाऱ्यांची संख्या १९९४ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाखांवर गेली. विवाहाबाहेरचे जन्म गोऱ्यांतही २० टक्क्यांच्या पुढे गेले होते. १९६५ मध्ये ज्या पातळीला मॉयनिहन यांनी राष्ट्रीय संकट म्हटले होते, ती आता बहुसंख्याकांच्या घरात पोहोचत होती. जुन्या अहवालाला लोक पुन्हा दूरदर्शी म्हणू लागले.

१९९६ मध्ये रिपब्लिकन काँग्रेस आणि डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांनी मिळून एएफडीसी मोडीत काढली. तिच्या जागी ‘टेम्पररी असिस्टन्स फॉर नीडी फॅमिलीज’, म्हणजे टॅन्फ, आली. गरीब मुलाचा मदतीवरचा कायदेशीर हक्क संपला. केंद्राच्या पैशातून कुटुंबाला आयुष्यात साधारण पाच वर्षेच मदत मिळेल, अशी मर्यादा आली. राज्यांना वर्षाला १६.५ अब्ज डॉलरची ठोक रक्कम मिळू लागली आणि वर उल्लेखलेली चार उद्दिष्टे तिला जोडली गेली.

सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१ मतांनी कायदा संमत झाला. मॉयनिहन त्या २१ जणांत होते. कुटुंबे का मोडतात आणि ती जोडायची कशी, हे समाजशास्त्रालाही अजून कळलेले नाही, अशा वेळी मुलांच्या पोटाला चिमटा काढून आई-बापांचे वर्तन बदलू पाहणे त्यांना क्रूर वाटत होते. दोन पालकांचे घर हे उद्दिष्ट त्यांचेच, पण ते गाठण्याची रीत उलटी झाली होती.

त्यांचे भाकीतही पूर्ण खरे ठरले नाही. मुले मोठ्या संख्येने रस्त्यावर येतील, अशी त्यांची भीती होती. १९९० च्या दशकाअखेर अर्थव्यवस्था तेजीत होती, एकट्या मातांना नोकऱ्या मिळाल्या आणि बालदारिद्र्य घटले. मंदी आली तेव्हा मात्र मदतीचे जाळे विरळ झाल्याचे दिसले. १९९६ मध्ये दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना रोख मदत मिळे. अलीकडे हा आकडा २० च्या आसपास आला आहे.

२६ मार्च २००३ रोजी मॉयनिहन यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमधील जुन्या टपाल कार्यालयाच्या इमारतीत रेल्वे स्थानक व्हावे म्हणून ते अनेक वर्षे झटले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या त्या स्थानकाला त्यांचे नाव आहे.

लग्नावर खर्च केलेल्या पैशाचे काय झाले?

पहिला मोठा प्रयोग त्यांच्या जन्मराज्यातच झाला. १९९९ मध्ये ओक्लाहोमाच्या गव्हर्नरांनी टॅन्फच्या पैशातून १ कोटी डॉलर विवाह उपक्रमासाठी बाजूला काढले. जोडप्यांना भांडण कसे मिटवावे, संवाद कसा ठेवावा, याचे वर्ग सुरू झाले. वेस्ट व्हर्जिनियाने विवाहित जोडप्यांच्या मदतीत महिन्याला १०० डॉलरची भर घातली. २००६ पासून केंद्राने विवाह आणि जबाबदार पितृत्वाच्या कार्यक्रमांना वर्षाला १५ कोटी डॉलर दिले.

सरकारने याचीही कठोर तपासणी केली. आठ ठिकाणच्या सुमारे ५,००० अविवाहित जोडप्यांच्या अभ्यासात तीन वर्षांनंतर, वर्गांना गेलेली जोडपी अधिक संख्येने एकत्र राहिली किंवा लग्न करती झाली, असे दिसले नाही. विवाहित जोडप्यांच्या दुसऱ्या अभ्यासात नात्याचा दर्जा किंचित सुधारला, पण लग्न टिकण्यावर परिणाम झाला नाही. अपवाद एकच, ओक्लाहोमा सिटी. तिथे तीन वर्षांनी कार्यक्रमातील ४९ टक्के कुटुंबे एकत्र होती, बाहेरची ४१ टक्के. असे का झाले, याचे पक्के उत्तर अभ्यासकांना देता आलेले नाही.

आणि कायद्यात एक जुनी गाठ तशीच राहिली. टॅन्फमध्ये मदत घेणाऱ्या एकूण कुटुंबांपैकी ५० टक्के कामावर असावीत, असे लक्ष्य राज्यांना दिलेले आहे. दोन पालकांच्या कुटुंबांसाठी मात्र ते ९० टक्के आहे. ते न गाठल्यास राज्याला दंड होतो. हा दंड टाळण्यासाठी अनेक राज्यांनी दोन पालकांच्या गरीब कुटुंबांना टॅन्फमधूनच बाहेर काढले आणि त्यांची मदत वेगळ्या राज्य निधीतून द्यायला सुरुवात केली.